उकडे तांदूळ आणि पिवळी ज्योत: सत्तरीच्या पावसात हात टेकलेल्या एका स्टोव्हचे प्रकरण

ऑगस्टचा दुसरा आठवडा. नऊ जणांचा एक गट गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खासगी कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतीत, दोन रात्रींच्या मुक्कामाला गेला. सात कॉलेजची मुले, दोन जाणती माणसे. दिवसा ओहोळाच्या काठाने भटकंती आणि रात्री पोफळींच्या मधल्या मांगरात, म्हणजे बागेतल्या शेतघरात, झोप, असा बेत. स्वयंपाकाला एकच साधन होते: बाटली वेगळी, बर्नर वेगळा आणि दोघांना जोडणारी वेणीदार नळी, असा द्रव इंधनावर चालणारा पंपाचा स्टोव्ह. सोबत दीड लिटर रॉकेल.

पहिल्याच रात्री भाताला पावणेदोन तास लागले, आणि तरी दाण्यात कणी राहिली. टोपाचे बूड डांबर फासल्यासारखे झाले. ८५० मि.ली.च्या खुणेपर्यंत भरलेल्या बाटलीत तळाला बोटभर रॉकेल उरले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासाठी स्टोव्ह पेटवला तर हातभर भडका उठला. कुळागराच्या मालकीणबाई एवढेच म्हणाल्या, "तो आधी भायर काढा." त्यानंतरची सगळी जेवणे त्यांच्या चुलीवर झाली.

परत आल्यावर स्टोव्ह उघडला, तर एकही भाग तुटलेला नव्हता. निपल, म्हणजे इंधन बाहेर सोडणारे बारीक भोकाचे तोंड, तुंबलेले नव्हते, नळी फुटलेली नव्हती, बर्नर वाकलेला नव्हता. टिकाऊ म्हणून घेतलेला स्टोव्ह खरोखरच टिकला होता. फक्त तो त्या रात्री पेट्रोलचा स्टोव्ह होता आणि बाटलीत रॉकेल होते.

मुळात हा स्टोव्ह का

गोव्यात असा स्टोव्ह न्यायची गरज काय, असे कोणी विचारले तर त्याचे चुकत नाही. स्क्रूच्या गॅस डब्यांची अडचण थंडीत होते. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळते, त्यामुळे हिमालयातल्या पहाटे डबा गप्प बसतो. सत्तरीच्या पावसात पारा विशीच्या खाली सहसा उतरत नाही. दोघातिघांनी दोन दिवस जायचे असेल तर गोव्यात गॅसचा डबाच घ्यावा, त्यात वाद नाही.

नऊ माणसांचे गणित वेगळे. २३० ग्रॅमच्या डब्यात जेवढी उष्णता असते तेवढी साधारण ३२० मि.ली. रॉकेलमध्ये मिळते. म्हणजे सव्वा-दीड लिटर रॉकेलच्या जागी चार-पाच डबे. ते पुन्हा भरता येत नाहीत, रिकामे परत आणावे लागतात आणि प्रत्येक गावात मिळतही नाहीत. शिवाय हाच गट हिवाळ्यात उत्तरेला जातो आणि तिथे हाच स्टोव्ह लागतो. लाकडे गोळा करून चूल मांडणे हा पर्याय पावसात अवघड असतो आणि अभयारण्याच्या हद्दीत त्याचा विचारही नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३०वे कलम अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने आग पेटवायला मनाई करते. मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरातले वणवे विझवायला हेलिकॉप्टरने पाणी टाकावे लागले होते, हे सत्तरीत कोणी विसरलेले नाही. मुक्काम खासगी कुळागरात ठेवण्यामागे तेही एक कारण होते.

स्टोव्हची जात मात्र आपल्याला परकी नाही. फ्रान्स लिंडक्विस्ट या स्वीडिश माणसाने १८९२मध्ये रॉकेलची आधी वाफ करून मग ती जाळणारा बिनवातीचा स्टोव्ह काढला. तोच घरोघरी प्रायमस झाला. पाठीवरच्या सामानातला स्टोव्ह म्हणजे त्याच प्रायमसची टाकी नळी लावून हातभर दूर नेलेली. दट्ट्या (पंपाचा हाताने दाबायचा दांडा), त्याच्या टोकाचा चामड्याचा वायसर, निपल, त्याचे भोक साफ करणारी पिन, काकडा हे आजीच्या स्वयंपाकघरातले सगळे शब्द इथे जसेच्या तसे चालतात. आणि ज्याने घरी प्रायमस पेटवलेला आहे त्याला या प्रकरणातली अर्धी चूक ऐकताक्षणीच कळेल.

पहिली संध्याकाळ

मांगराच्या पडवीत जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर स्टोव्ह मांडला. जागा वाईट नव्हती: खाली दगड, बाजूंनी उघडे, वर पत्रा. पण दोन हातांवर सुक्या झावळ्यांची रास होती, तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

येताना बर्नर पिशवीच्या वरच्या खणात होता आणि पिशवी भिजली होती. बर्नरच्या खाली वाटीत न जळणाऱ्या तंतूंची एक गादी असते. काकड्याचे काम तीच करते. तिच्यात थोडे इंधन मुरवायचे, पेटवायचे, त्या आगीने बर्नरची नळी तापवायची. ही गादी पाण्याने निथळत होती. बाटलीतूनच थोडे रॉकेल सोडून तिच्यावर आग लावली. भिजलेली गादी रॉकेल पीत नाही. ते वाटीच्या काठावरून खाली ओघळले. वर जे उरले ते तडतडत, धूर ओकत अर्ध्या मिनिटात विझत आले. तेवढ्यात चावी उघडली. नळी कोमट होती, तिच्यातून वाफेऐवजी पातळ रॉकेलची पिचकारी उडाली आणि ज्योत पिवळी, उंच, काळ्या शेंड्याची झाली.

अर्धे मिनिट का? कारण या गटाने आदल्या हिवाळ्यात हाच स्टोव्ह पेट्रोलवर चालवला होता आणि तेव्हा अर्धे मिनिट पुरत होते. पेट्रोलचा हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतो. रॉकेल साधारण दीडशे अंशांना सुरुवात करते आणि तीनशेच्या जवळ जाऊन संपते. नळी त्याहून गरम नसेल तर वाफ होत नाही. पेट्रोलवर शिकलेला हात रॉकेलला नेहमी घाई करतो.

पाच-सात मिनिटांनी बर्नर आपोआप तापला आणि भडका खाली बसला, पण ज्योत निळी झाली नाही. निळा बुंधा आणि त्यावर पिवळी जीभ, अशीच राहिली. गटप्रमुखाने निष्कर्ष काढला: निपलमध्ये कचरा आहे. पिन मारली. फरक नाही. स्टोव्ह बंद करून, निववून, पुन्हा पिन मारली. असे सहा वेळा झाले. दरवेळी निवलेला बर्नर पुन्हा तापवायचा, म्हणजे पुन्हा रॉकेल आणि पुन्हा काजळी.

दुसरीकडे दर चार-पाच मिनिटांनी ज्योत बसत होती. हवा भरली की दट्ट्या मऊ लागायचा, हाताला विरोधच जाणवत नव्हता. पंधरा दट्ट्यांपैकी चार-पाच कामाला येत असावेत. मग कोणीतरी सुचवले की ज्योत पिवळी आहे म्हणजे इंधन जास्त होत आहे, हवा कमीच ठेवू. ऐकायला पटते. प्रत्यक्षात त्याने आणखी बिघडले. ते का, हे पुढे येईल.

टेबलावर

घरी तपासताना ठरवले की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उघड्या व्हरांड्यात, वारा नसताना, झाकण लावलेल्या टोपात १ लिटर पाणी ठेवून घड्याळ लावायचे.

आहे त्या अवस्थेत पेटवला तर १२ मिनिटांनीही पाणी उकळले नाही आणि तेवढ्यात दोनदा हवा भरावी लागली.

मग दट्ट्या बाहेर काढला. चामड्याचा वायसर वाटीसारखा पसरट असायला हवा, कडा बाहेर झुकलेली आणि तेलाने ओलसर. इथे तो पापडासारखा कडक होता आणि एका बाजूची कडा आत दुमडली होती. दट्ट्या दाबताना हवा पुढे न जाता त्या दुमडीतून मागे येत होती. शिवाय त्यावर पांढरट बुरशीची पुटे. गोव्याच्या दमट हवेत चामडे भिजून खराब होईल असे वाटते, पण बाटली-पंप आठ महिने कपाटात पडून राहिला की तेल उडून जाते आणि बुरशी मात्र राहते. नवा वायसर बसवला, शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब दिले, बोटाने कडा बाहेर फिरवली. दट्ट्या लगेच कडक झाला, दाब टिकला.

पाणी ९ मिनिटांत उकळले. पण टोपाच्या बुडावरची काजळी आधीपेक्षा दाट होती.

बरेच लोक इथे चुकतात. एक दुरुस्ती केली, स्टोव्ह वरवर बिघडल्यासारखा दिसला, म्हणून ती दुरुस्तीच चुकीची ठरवून मागे फिरतात. वास्तविक वायसरची दुरुस्ती बरोबरच होती. कमी दाबाने जो दोष अर्धवट झाकला होता, तो पूर्ण दाबाने उघडा पडला.

मग बर्नरची वरची टोपी काढून, पाना लावून निपल बाहेर काढले. त्याच्या कडेवर ३७ हा आकडा बारीक कोरलेला. भिंगाखाली भोक स्वच्छ, गोल. पिशवीच्या तळाला दुमडलेल्या कागदात दुसरे निपल सापडले, त्यावर २८.

हे आकडे भोकाचा व्यास सांगतात: ०.३७ आणि ०.२८ मिलिमीटर. अनेक इंधनांवर चालणाऱ्या अशा स्टोव्हमध्ये साधारणपणे ३७चे निपल पेट्रोलसाठी असते आणि २८चे रॉकेल-डिझेलसाठी. फरक डोळ्याला दिसत नाही, पण भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. ३७च्या भोकाचे क्षेत्रफळ २८च्या पावणेदोन पट आहे.

२८ बसवले. नीट तापवून पेटवले. ज्योत निळी, घुमणारी, टोपाला काजळी नाही. १ लिटर पाणी साडेचार मिनिटांत.

हवेचा हिशोब

पेट्रोलला मोठे आणि रॉकेलला लहान भोक का, याचे उत्तर "रॉकेल जाड असते" असे सर्रास दिले जाते. जाड असेल तर भोक मोठे हवे, नाही का? मग तो मुद्दा उलटाच पडतो. निपलमधून जे बाहेर येते ते जाडही नसते आणि पातळही. ती वाफ असते. प्रश्न त्या वाफेला किती हवा लागते याचा आहे.

पेट्रोलच्या रेणूत साधारण आठ कार्बन धरा, रॉकेलच्या रेणूत बारा. आठ कार्बनच्या एका घनमाप वाफेला पूर्ण जळायला ६० घनमाप हवा लागते. बारा कार्बनच्या वाफेला ८८. म्हणजे रॉकेलच्या वाफेची हवेची भूक जवळजवळ दीडपट आहे. या स्टोव्हला हवा पुरवायला पंखा नसतो. निपलमधून जोरात सुटलेली वाफच शेजारची हवा आपल्याबरोबर ओढून बर्नरच्या नळीत नेते. वाफेची धार जितकी बारीक आणि वेगवान, तितकी तिच्या मानाने हवा जास्त ओढली जाते. भोक मोठे केले की वाफ वाढते, पण हवा त्या प्रमाणात वाढत नाही. अर्धवट जळलेला कार्बन पिवळा तापतो आणि टोपाला काजळी होऊन चिकटतो.

आता पहिल्या संध्याकाळचा तो सल्ला पाहा. दाब कमी केला की वाफ कमी सुटते हे खरे, पण तिचा वेगही पडतो आणि वेग पडला की हवेची ओढ मंदावते. ज्योत लहान झाली, पिवळेपणा गेला नाही. आणि नळीत पुरेशी उष्णता परतेना, म्हणून मधूनमधून पातळ रॉकेलचे फुसकारे येऊ लागले. एका चुकीला दुसरी चूक औषध म्हणून दिली गेली.

सहा वेळा पिन मारण्याचा तर उपयोगच नव्हता. निपल तुंबले की ज्योत लहान होते, एका बाजूला झुकते, आवाज बसतो. मोठी, पिवळी आणि काळी ज्योत हे तुंबलेल्या निपलचे लक्षण नाही. ते निपल मोठे असल्याचे, नळी थंड असल्याचे किंवा हवेच्या वाटेत कोळ्याने जाळे केल्याचे लक्षण आहे. हे शेवटचे विनोदाने लिहिलेले नाही. कपाटात पडलेल्या बर्नरच्या नळीत ते खरोखर सापडते. आणि पिन मारायचीच तर त्याच स्टोव्हची मारावी. घरगुती स्टोव्हच्या पिनेची तार जाड असेल तर २८च्या भोकात जाणार नाही, आणि दामटली तर पितळ कापून भोक रुंद होईल. मग नवे निपल घेण्यावाचून इलाज नाही.

भडका कुठून आला

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भडक्याचे कारण वेगळे होते आणि ते साबणाच्या पाण्याने सापडले. पंपावर, चावीच्या दांड्यापाशी आणि बाटलीच्या तोंडाशी साबणाचा फेस लावून हवा भरली. दांड्यापाशी बुडबुडे आले. तिथली ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी, काढली तर ती फुगून चपटी झालेली, नखाने दाबली तर खूण राहत होती.

हा हिवाळ्यातल्या पेट्रोलचा मागे राहिलेला हिशोब. सहल संपल्यावर बाटलीत पावभर पेट्रोल तसेच राहिले होते, पंप लावलेलाच, तीन महिने. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. आधी १० टक्के होते, २०२५पर्यंत ते २० टक्क्यांवर गेले. साध्या नायट्राइल रबराची रिंग अशा मिश्रणात फुगते, मग सुकली की आक्रसते आणि बसणी सैल होते. व्हिटॉनच्या रिंगा जास्त तग धरतात. मापाची मिळाली तर तीच बसवावी. इथेनॉलचा दुसरा त्रास पावसाळ्यात होतो. ते हवेतले पाणी ओढते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन बाटलीच्या तळाला बसतो. इंधन ओढणारी नळीही तळालाच असते. म्हणून स्टोव्ह आधी ते पाणीच पितो. गोव्यात महिनाभर ठेवलेले पेट्रोल स्टोव्हमध्ये घालू नये. दुचाकीत ओता आणि ताजे घ्या, किंवा रॉकेल वापरा.

दांड्यापाशी रात्रभर थेंब थेंब रॉकेल गळत राहिले, कारण रात्री दाब सोडलेलाच नव्हता. वाटीतही ओघळलेले जुने रॉकेल होते. सकाळी काडी लावली ती या सगळ्याला. सुदैवाने रॉकेल होते. पेट्रोल असते तर वाफ आधीच पडवीभर पसरली असती आणि काडी स्टोव्हपर्यंत पोचलीही नसती.

भडका विझवायला एका मुलाने तांब्याभर पाणी उचलले होते. मालकीणबाईंनी ते थांबवून ओले गोणपाट टाकले. रॉकेल पाण्यावर तरंगते. पाणी ओतले असते तर आग चिऱ्यावरून झावळ्यांकडे वाहत गेली असती.

तांदळाची चूक

स्टोव्ह नीट असता तरी इंधनाचा अंदाज चुकलाच असता, आणि त्याला कारण तांदूळ.

हिशोब मांडताना गृहीत धरला होता सुरय, म्हणजे न उकडलेला साधा तांदूळ, वीस मिनिटांत शिजणारा. प्रत्यक्षात गटातल्या एकीच्या घरून आला तो उकडा, पावणेदोन किलो. उकडे तांदूळ भरपूर पाण्यात, चाळीस-पंचेचाळीस मिनिटे, न भिजवता. गोव्यात हे सांगावे लागू नये. पण बाजारहाट एकाने केली आणि इंधनाचा तक्ता दुसऱ्याने बनवला.

आकडे असे. ३ किलोवॉटचा स्टोव्ह पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे ३०० मि.ली. रॉकेल घेतो. पंचवीस अंशांचे १ लिटर पाणी उकळीला आणायला ३१४ किलोज्यूल लागतात. झाकण आणि वाऱ्याचा आडोसा असेल तर स्टोव्हची निम्मी उष्णता टोपात जाते असे धरा, म्हणजे लिटरमागे १८ मि.ली. रॉकेल. नऊ जणांच्या ९०० ग्रॅम उकड्याला ४ लिटर पाणी: ते उकळायला १४ मिनिटे आणि ७३ मि.ली. त्यानंतर ४५ मिनिटे अर्ध्या ज्योतीवर, सुमारे ११० मि.ली. एका वेळच्या भाताला १८५ मि.ली. झाले. डाळ किंवा तोणाक (कडधान्याची रस्सा उसळ) आणि चहा धरून रात्रीला साडेतीनशे. दोन रात्री ७००, दोन सकाळी ४००, संध्याकाळचे चहा २००, एकूण १३००. दीड लिटरात हे बसते, पण फक्त २८च्या निपलवर. ३७वर त्याच दाबाला इंधनाची वाट पावणेदोन पट मोठी आहे. पावणेदोन तासांत बाटली रिकामी होणे हे त्या आकड्यांना धरूनच झाले.

तांदूळ सकाळी निघताना भिजत घालून ठेवले की शिजण्याचा वेळ जवळपास निम्मा होतो आणि पन्नास-साठ मि.ली. रॉकेल वाचते. कुकर नेला तर आणखी वाचेल, पण नऊ जणांचा कुकर पाठीवर घ्यायला कोणी तयार होत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. उरलेले पाणी फेकू नये. सकाळची पेज त्यातच होते, मिठाचा खडा आणि भाजलेला सुका बांगडा असला की नाश्त्याला वेगळा स्टोव्ह पेटवायला नको.

आणखी एक बारकी गोष्ट. मंद आचेवर चालवायचे तर चावी बर्नरपाशी असलेला स्टोव्ह लागतो. काही स्टोव्हना ती फक्त पंपावर असते. तिथे चावी फिरवली तरी नळीत साठलेले इंधन जळेपर्यंत ज्योत ऐकत नाही आणि उकडा तळाला लागतो. या गटाच्या स्टोव्हला दोन्हीकडे चावी होती. त्या रात्री त्याचा उपयोग करण्याची वेळच आली नाही.

पेटवण्याची रीत

बाटली खुणेपर्यंतच भरावी. वरची मोकळी जागा हवेसाठी असते. खुणेपर्यंत भरलेल्या बाटलीला पंधरा-वीस दट्टे, अर्ध्या बाटलीला त्याहून जास्त. शेवटचे दट्टे हाताला जड लागले पाहिजेत. जड लागत नसतील तर तिथेच थांबून वायसर पाहावा, पुढे जाऊ नये.

गादी आणि वाटी कोरड्या फडक्याने पुसून, वाटीत १० ते १५ मि.ली. स्पिरिट घालावे, म्हणजे मोठा चमचाभर. औषधांच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट चालते. हात निर्जंतुक करायचे जेल चालते, पण मागे चिकट थर सोडते. फेणी चालत नाही. बेचाळीस टक्क्यांच्या आसपास मद्यार्क म्हणजे उरलेले बहुतेक पाणीच. निळी ज्योत क्षणभर नाचते आणि नळी ओली राहते. हा प्रयोग गोव्यात प्रत्येक गट एकदा करतोच.

स्पिरिट पूर्ण जळत येऊन ज्योत मरायला लागली की चावी अगदी थोडी उघडावी. निळी फुरफुर आली तर अर्धा मिनिट तशीच ठेवून मग वाढवावी. पिवळी झाली तर लगेच बंद करावी, बर्नर निवू द्यावा आणि पुन्हा स्पिरिट घालावे. पावसात, वाऱ्यात एकाच्या जागी दोन चमचे लागतात. गरम वाटीत बाटलीतून स्पिरिट कधीच ओतू नये. न दिसणारी निळी आग धारेवरून वर चढते.

आडोसा बर्नरला द्यावा, बाटलीला देऊ नये. जांभ्याचे चिरे आडोशाला चांगले, पण ते अशा तऱ्हेने मांडावेत की बाटली बाहेर राहील. बाटलीला मधूनमधून हात लावून पाहावा. कोमट लागली तर आडोसा मोकळा करावा.

बंद करताना, ज्या स्टोव्हना ती सोय आहे त्यांची बाटली उलटी करावी. मग तोंडाशी हवा येते, नळीतले इंधन जळून जाते आणि ज्योत आपोआप विझते. निवल्यावर बाटली उघड्यावर, आगीपासून दूर नेऊन दाब सोडावा. त्या रात्री एवढे केले असते तर सकाळचा भडका झाला नसता.

आणि पाऊस कितीही असो, तंबूच्या आत किंवा दार लावलेल्या खोलीत स्टोव्ह नाही. पिवळी ज्योत म्हणजे अपुरी हवा, आणि अपुऱ्या हवेत जळणारे इंधन कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही. मांगराची पडवी तिन्ही बाजूंनी उघडी होती, ही त्या संध्याकाळची सर्वांत मोठी जमेची बाजू.

काय बदलले

चामड्याचे दोन वायसर, ओ-रिंगांचा एक संच, दोन्ही निपले, स्टोव्हची स्वतःची पिन, निपलचा पाना आणि मशीनच्या तेलाची छोटी बाटली आता एका चहाच्या डबीत पिशवीतच असते. जंगलात तेल संपले तर खोबरेल चालते, पण वापरून झाल्यावर पुसावे. चोवीस अंशांखाली ते थिजते आणि ठेवले की चिकटते. हिवाळ्यात उत्तरेला तर तो विचारही नको.

पंपाच्या गळ्याला पितळी बिल्ला अडकवला आहे. त्यावर खिळ्याने कोरले आहे: "२८ रॉकेल". निपल बदलणाऱ्याने बिल्ला उलटायचा. मागे "३७ पेट्रोल" आहे. बर्नर न उघडता आतले निपल ओळखता येत नाही, म्हणून एवढा खटाटोप.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे. बर्नरकडे जाणाऱ्या नळीत आतून एक पोलादी तार असते. ती ओढून, पुसून, आतबाहेर करून नळीतली काजळी काढतात. पेट्रोलच्या तीन महिन्यांच्या थराने ती तार नळीत चिकटली आहे. पक्कड लावून जोराने ओढली तर ती आतच तुटेल, म्हणून नळी सध्या रॉकेलच्या बाटलीत उभी आहे. दोन दिवसांत तार बोटभर सरकली आहे.